कृष्णेच्या काठानं सायकलवर : वाई ते खिद्रापूर, संगमाला संगम जोडत

संथचाकं

वाईहून निघून खिद्रापूरपर्यंत कृष्णेच्या काठाकाठानं सायकल चालवली तर अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं. काठ बदलत, गावांत शिरत गेलात तर अडीचशेही होईल. चढ म्हणावा असा नाही. वाई समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या घरात आणि सांगली साडेपाचशेच्या, म्हणजे नदीबरोबर आपणही हळूहळू उतरत जातो. तरीही आपल्याकडचे बहुतेक सायकलवाले हा पट्टा महामार्गानं उरकतात. सकाळी सातारा, दुपारी कराड, रात्री कोल्हापूर. नदी दिसते ती पुलावरून, तीही कठड्याआडून. या भागाचा सगळा जीव नदीकाठी आहे, म्हणून हा धागा.

माझा आग्रह एकच आहे. मुक्काम शहरं बघून ठरवू नका, संगम बघून ठरवा. माहुलीला वेण्णा मिळते, कराडला कोयना, ब्रह्मनाळला येरळा, हरिपूरला वारणा आणि नृसिंहवाडीला पंचगंगा. देवळं, घाट, समाध्या, जुन्या पेठा याच ठिकाणी दाटल्या आहेत. शिवाय सायकलवाल्याला यात रोकडा फायदा आहे. काठचा रस्ता उपनदी आडवी आली की तुटतो आणि पूल शोधत आत वळावं लागतं. कुठली नदी कुठल्या बाजूनं येते हे डोक्यात असेल तर उगाच पाच-दहा किलोमीटरचे हेलपाटे पडत नाहीत.

नकाशा उघडून बघा. वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा, सगळ्या सह्याद्रीतून उजव्या काठाला येतात. डाव्या काठाला मोठी म्हणावी अशी येरळाच, आणि तीही दुष्काळी भागातून येते, उन्हाळ्यात कोरडी. म्हणून डावा काठ सायकलला सरळ आणि मोकळा. रेल्वेही याच बाजूनं नेली आहे. उजवा काठ उसानं गच्च, गावं मोठी, रहदारी जास्त. दोन्ही काठांची माणसं, पिकं, रस्ते वेगळे आहेत, त्यामुळे मी एकाच काठानं जा म्हणत नाही. संगमापाशी पलीकडे जा आणि पुढच्या संगमाला परत या.

पलीकडे जायला मोठे पूल आहेतच. पण जिथे जमेल तिथे कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून जा. दगडी खांबांच्या खाचांत बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, बसवून पाणी अडवतात आणि वरून जेमतेम एक ट्रॅक्टर जाईल एवढा रस्ता असतो. पावसाळ्याआधी बरगे काढतात आणि पावसाळा सरला की परत घालतात. हिवाळ्यात बंधाऱ्यावर मधोमध उभं राहिलं की एका हाताला काठोकाठ भरलेलं संथ पाणी आणि दुसऱ्या हाताला बरग्यांच्या फटींतून निसटणाऱ्या धारा, खाली उघडा खडक, त्यावर बगळे. बऱ्याच बंधाऱ्यांना कठडा नसतो. समोरून ट्रॅक्टर येत असेल तर अलीकडेच थांबा, मध्ये गाठ घालू नका.

ढोबळ आखणी अशी :

वाईत एक पूर्ण दिवस घालवा, पुढे सरकायची घाई करू नका. ढोल्या गणपतीच्या देवळाला पुढून हात जोडून लोक परततात. मागं जाऊन भिंत बघा. गणपतराव रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे, पुराचा लोंढा टोकावर फुटून दोन्हीकडून निघून जावा म्हणून. नदी एक दिवस घाट चढून येणार हे धरूनच बांधकाम केलं आहे. मग वरच्या अंगाला मेणवली आणि धोम. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागे घाट. धोमला कासवाच्या पाठीवर उभारलेला नंदीचा मंडप. दोन्ही करून संध्याकाळी सहज वाईत परत येता येतं.

दुसऱ्या टप्प्यात पाचवडवरून लिंब आणि तिथून माहुली. लिंबची बारा मोटेची विहीर चुकवायची नाही. तिसऱ्या टप्प्यात माहुलीहून डाव्या काठाला लागून रहिमतपूर, मसूर करत कराड. हा रस्ता सगळ्यात निवांत. ज्वारीची शेतं, लांबवर डोंगराची रांग, अधूनमधून रेल्वेचं फाटक. चौथा टप्पा कराड ते औदुंबर, यावर इथली मंडळी माझ्यापेक्षा जास्त सांगतील. पाचवा औदुंबर, सांगली, हरिपूर. शेवटचा नृसिंहवाडी, कुरुंदवाड, खिद्रापूर.

रोज चाळीस-पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त धरू नका. हा सल्ला नवशिक्यांसाठी नाही, रोज शंभर मारणाऱ्यांसाठी आहे.

---

दोनचाकी

फार कामाचा धागा. दोन प्रश्न. कधी जावं? आणि रोड बाइकच्या बारीक टायरवर हे जमेल का?

---

संथचाकं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ऑक्टोबरमध्ये काठचे रस्ते अजून ओले असतात आणि इथली काळी माती ओली असताना टायरला अशी थापते की मडगार्डमध्ये चाक अडकून बसतं, उतरून काडीनं खरवडत बसावं लागतं. मडगार्ड लावणार असाल तर टायर आणि मडगार्ड यांत बोटभर जागा ठेवा. मार्चनंतर ऊन सोसत नाही. पावसाळ्यात जाऊच नका, बंधारे पाण्याखाली असतात आणि रस्ता कुठे संपतो ते दिसत नाही.

टायर किमान ३२ मिलिमीटरचे, ३८ ते ४० असतील तर उत्तम. मोठे रस्ते डांबरी आणि बरे आहेत, पण घाटांकडे उतरणारे फाटे खडीचे. खरी अडचण काट्यांची. वेडी बाभूळ आणि सराटे. काठची पायवाट धरली की सराटे टायरला लागतातच. ट्यूबमध्ये सीलंट भरून घ्या, दोन सुट्या ट्यूब, पॅचचं सामान आणि बारीक चिमटा ठेवा. काटा टायरच्या आतून शोधून काढल्याशिवाय नवी ट्यूब चढवू नका. लहान गावांत पंक्चरवाले सापडतात, पण प्रेस्टा व्हॉल्व्हला (रोड बाइकच्या ट्यूबचं बारीक तोंड) त्यांच्याकडे नोझल नसतं. स्वतःचा पंप हवाच.

---

मोडीवेडा

लिंबच्या विहिरीबद्दल थोडं सांगतो, कारण हिच्या बांधकामाचं साल बऱ्याच ठिकाणी चुकीचं दिलेलं आढळतं. ‘१६४१ ते १६४६’ असे आकडे वाचायला मिळतात आणि ते इसवी सन म्हणून छापले जातात. ते शक आहेत. त्यांत ७८ मिळवा म्हणजे १७१९ ते १७२४ येतं. विहीर विरूबाई भोसले यांनी बांधली, त्या सातारच्या शाहू महाराजांच्या घरातल्या. शाहूंची कारकीर्द १७०८ ते १७४९. इसवी सन १६४१ मध्ये शाहूंचा जन्मही झालेला नव्हता. एवढा पडताळा घेतला तर घोळ राहत नाही.

विहिरीत उतरल्यावर घाई करू नका. पायऱ्या उतरून कमानीतून आत गेलं की मध्ये छोटा महालच आहे, विहिरीच्या पोटात बांधलेला. वर आल्यावर मोटांच्या जागा मोजा. एका वेळी बारा मोटा चालतील एवढी सोय, म्हणजे किती बैल आणि किती माणसं रोज इथे राबत असतील याचा अंदाज येतो. ही विहीर बागेला पाणी देण्यासाठी होती. नदी जवळ असूनही विहीर का, हा प्रश्न काठावरून फिरताना पुन्हा पुन्हा पडेल. उत्तर असं की नदीचं पात्र खोल आहे, पाणी वर उचलणं सोपं नव्हतं. आज जो ऊस दिसतो तो उपसा योजना आणि विजेचे पंप आल्यानंतरचा.

मेणवलीची घंटा सांगायची राहिली. घाटावरच्या देवळाशेजारी छोट्या घुमटीत टांगलेली आहे. नीट बघा, अंगावर बाळ येशूला घेतलेली मरिया आहे आणि ओतल्याचं साल १७०७. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्यावेळी तिथल्या घंटा मराठ्यांनी आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत लावल्या. त्यातलीच ही. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा कृष्णेच्या घाटावर येते आणि तिथे एवढी वर्षं कोणी तिच्यावरचं चित्र खरवडत नाही, हे मला फार मोठं वाटतं.

माहुलीला निदान अर्धा दिवस द्या. संगमावरचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ मध्ये बांधलं. पलीकडच्या काठाला क्षेत्र माहुली, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. ताराबाई आणि येसूबाई यांच्या समाध्या याच परिसरात आहेत. ज्या दोघींनी मराठी राज्य मोगलांशी झालेल्या सत्तावीस वर्षांच्या लढाईत तगवून धरलं, एकीनं रणांगणावर आणि एकीनं कैदेत, त्यांच्या समाध्यांसाठी वाट विचारत जावं लागतं. जा आणि विचारा. विचारणारे वाढले की गावाचंही लक्ष राहतं.

---

वेगवान

सगळं मान्य, पण व्यावहारिक बोलू. सातारा ते कराड महामार्गाच्या बाजूला सेवारस्ता आहे, पन्नास किलोमीटर अडीच तासांत होतात. रहिमतपूर-मसूरचा वळसा घेऊन तुम्ही अर्धा दिवस घालवणार. ज्यांना दोनच दिवस सुट्टी मिळते त्यांनी काय करायचं?

---

संथचाकं

@वेगवान, दोनच दिवस असतील तर अख्खा मार्ग धरू नका, एक तुकडा नीट करा. वाई-मेणवली-धोम-लिंब-माहुली दोन दिवसांत सुंदर होतं. किंवा सांगली-हरिपूर-वाडी (म्हणजे नृसिंहवाडी)-खिद्रापूर. महामार्गानं सातारा-कराड केल्यावर हाती फक्त किलोमीटर येतात. सेवारस्ताही सलग नाही. पुलांपाशी तो संपतो आणि तुम्हाला मुख्य रस्त्यावर यावं लागतं, आणि पूल हीच महामार्गावरची सगळ्यात धोक्याची जागा. मागून येणाऱ्या ट्रकला बाजू द्यायला जागा नसते. वेळ वाचवायचा तर रेल्वेनं वाचवा, सातारा स्थानक माहुलीजवळच आहे.

---

वाळव्याची_लेक

कराडपासून खालचा पट्टा माझ्या माहेरचा, त्यामुळे मी सविस्तर लिहिते.

कराडला प्रीतिसंगमावर सगळे जातात. तिथे कृष्णा उत्तरेकडून आणि कोयना दक्षिणेकडून येते, दोघी समोरासमोर भिडतात आणि मग मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच. पण संगमावरून सायकल सरळ बाहेर काढू नका, जुन्या कोटातली नकट्या रावळाची विहीर बघा. पायऱ्यांची भव्य विहीर आहे आणि बहुतेक वेळा तिथे तुमच्याशिवाय कोणी नसतं. पाय शिल्लक असतील तर जखिणवाडीकडून आगाशिवची लेणी. सायकल पायथ्याला ठेवून चढायचं. वरून दोन्ही नद्या आणि कराड एका नजरेत येतं.

कराडहून मी उजवा काठ सुचवीन. रेठरे, मग बहे. बह्याला नदीच्या पात्रातच रामलिंग बेट आहे आणि समर्थांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक तिथे आहे. पाणी कमी असेल तेव्हा सहज जाता येतं. याच टापूत येडेमच्छिंद्र, क्रांतिसिंह नाना पाटलांचं गाव. १९४२ नंतर सातारा जिल्ह्यात इंग्रजांविरुद्ध जे प्रतिसरकार चाललं त्याचा हा गाभा. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, हे सगळं साताऱ्यातच. आमच्याकडे अजून म्हातारी माणसं कुठल्या फडात कोण लपलं होतं ते जागा दाखवून सांगतात. उसाचे फड आणि नदीचे डोह माहीत असणाऱ्यांनाच ती लढाई करता आली. सायकलवरून त्या पाणंदींतून जाताना ते पटतं. दोन्ही बाजूंना उसाची भिंत, दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही.

डाव्या काठाला जायचं असेल तर बोरगाव-ताकारी पुलावरून जा. तिथून देवराष्ट्रे आणि सागरेश्वर जवळ. देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं जन्मगाव. सागरेश्वरला जुन्या देवळांचा समूह आणि माणसांनी राबून उभं केलेलं अभयारण्य आहे, हरणं हमखास दिसतात. पुढे किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी निवडुंगाच्या माळावर कारखाना आणि गाव वसवलं ते हेच.

आता काळजीच्या गोष्टी, या मनावर घ्या.

एक, ऊस हंगाम. तुम्ही ज्या महिन्यांत येणार त्याच महिन्यांत कारखाने चालू असतात. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंना हातभर बाहेर आलेला. वळणावर मागची ट्रॉली आतल्या बाजूला ओढली जाते, तिथे डावीकडून पुढे घुसायचं नाही. अंधार पडल्यावर तर रस्त्यावर राहूच नका, कित्येक ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. कारखान्याजवळच्या रस्त्यावर पडलेलं पाचट दवानं ओलं झालं की चाक सरकतं.

दोन, नदीत उतरून पोहू नका. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळ, डिग्रज या पट्ट्यात मगरी आहेत. ऐकीव नाही, माणसांवर हल्ले झालेले आहेत. घाटावर तोंड धुवायचं तर जिथे गावच्या बायका धुणं धुताहेत तिथेच. जिथे वाळू उपसली आहे तिथे गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोहात पडतं.

आणि एक आनंदाची गोष्ट. गुऱ्हाळ दिसलं की थांबा. चुलवाणात चिपाडं सारणारा माणूस, काहिलीत उसळणारा रस आणि त्यावर नजर लावून उभा असलेला गुळव्या. रस कधी उतरायचा ते त्याला फेसाच्या रंगावरून आणि बुडबुड्याच्या आकारावरून कळतं. थोडं पाण्यात टाकून बोटांनी गोळी वळून बघतो आणि मग चार-पाच जण मिळून काहिल वाफ्यात ओततात, त्यात क्षणाचीही चूक चालत नाही. आधी विचारा, बाजूला उभे राहा, मध्ये येऊ नका. ताजी काकवी मिळाली तर ज्वारीच्या भाकरीबरोबर खा. त्यानंतर तुमची ती एनर्जी जेलची पाकिटं बॅगेतच राहतील.

---

घाटवाट

उगमापासून सुरुवात करायची इच्छा असणाऱ्यांसाठी : क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेचं देऊळ आहे. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाचही नद्यांचा उगम तिथे मानतात. जवळच कृष्णाबाईचं जुनं दगडी देऊळ आहे, शेवाळलेलं, गर्दीपासून बाजूला. ते मला जास्त आवडतं. गंमत बघा, यातली सावित्री कोकणात उतरून अरबी समुद्राला जाते आणि कृष्णा चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला. वेण्णा आणि कोयना तिथून निघून वेगवेगळ्या खोऱ्यांतून हिंडतात आणि माहुलीला, कराडला परत कृष्णेला भेटतात.

तिथून पाचगणी आणि पसरणी घाटानं वाईत उतरता येतं. शनिवार-रविवारी हा घाट सायकलसाठी टाळा. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका, पुढचा-मागचा आलटून पालटून, वळणाआधी वेग कमी करून वळणात सोडून द्या. सामान लादलेली सायकल थांबायला जास्त अंतर घेते. मध्ये एकदा थांबून रिम किंवा डिस्क थंड होऊ द्या.

---

एकटी_निघाले

मी यातला वाई ते औदुंबर भाग एकटीनं केला आहे. बायका विचारतात म्हणून लिहिते.

मुक्काम वाई, सातारा, कराड, औदुंबर, सांगली, वाडी इथेच धरा. देवस्थानांच्या ठिकाणी भक्तनिवास असतात, स्वच्छ आणि सुरक्षित, पण गुरुवारी आणि पौर्णिमेला औदुंबर-वाडीला जागा मिळणं कठीण. काही ठिकाणी एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत, मग ती बाई असो की पुरुष. आधी फोन करून स्पष्ट विचारा. चार वाजता मुक्कामाच्या गावात पोचेन असा बेत ठेवा म्हणजे काही बिनसलं तरी हातात दोन तास उजेड राहतो.

लहान गावात पारावर थांबण्यापेक्षा शाळा, अंगणवाडी किंवा दूध संकलन केंद्र बघून थांबा. तिथे बायका असतात, पाणी मिळतं, स्वच्छतागृह वापरायला मिळतं. पाच मिनिटांत चार पोरं सायकलभोवती, गिअर कसे पडतात ते बघायला. मसूरच्या पुढे एका घरात मला अंगणातून हाक मारून बसवलं. आजी म्हणाल्या, “एवढ्या उन्हाची कुठं निघालीस गं बाई, आधी ताक घे.” पैसे विचारले तर रागावल्या. अशा वेळी पैसे पुढे करू नका. घरातल्या मुलांशी बोला, फोटो काढला असेल तर पाठवायचा शब्द पाळा.

देवळांत जायचं तर सायकलच्या चड्डीवर गुंडाळायला हलकी लुंगी किंवा पंचा जवळ ठेवा. पुरुषांनीही.

---

सांगलीकर

औदुंबरपासून खाली मी घेऊन जातो.

औदुंबरला नृसिंह सरस्वतींचा एक चातुर्मास झाला अशी श्रद्धा आहे. डोहाकाठी औदुंबराची गर्द सावली आणि पादुका. पलीकडच्या काठाला भिलवडीच्या बाजूनं भुवनेश्वरीचं देऊळ. भिलवडीचा घाट तर नक्की बघा, एवढा रुंद आणि सलग दगडी घाट आमच्या भागात दुसरा नाही. संक्रांतीच्या सुमारास आलात तर औदुंबरला साहित्य संमेलन असतं, नदीकाठच्या खेड्यात कितीतरी दशकं चाललेलं.

सांगलीत शिरताना जुन्या आयर्विन पुलावर सायकल हातात धरून चालत या. १९२९ चा पूल. इथे नदीची उंची मोजतात आणि पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचे कान या आकड्याकडे असतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. उन्हाळ्यात तिथे उभं राहून खाली बघा आणि ५७ फूट म्हणजे कुठवर ते डोळ्यांनी मोजा. मग गावभागात फिरा. २००५, २०१९, २०२१, कित्येक घरांच्या भिंतींवर रंगाची रेघ आणि साल लिहिलेलं दिसेल. काही रेघा माझ्या डोक्याच्या वर आहेत. ब्रह्मनाळला २०१९ मध्ये पुरातून लोकांना काढताना बोट उलटली, माणसं गेली. त्या गावात गेलात तर कॅमेरा आत ठेवा आणि लोक आपणहून बोलले तर ऐका.

हरिपूरचा रस्ता दोन्ही बाजूंच्या जुन्या झाडांतून जातो. संगमावर संगमेश्वराचं देऊळ, समोरून वारणा येऊन मिळते. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव. पण मी पाहुण्यांना आधी हळदीची पेवं दाखवायला नेतो. जमिनीत खोल खणलेले, वर तोंड अरुंद आणि आत फुगत गेलेले खड्डे. तळाला आणि कडांना पाचट-चटया लावून आत हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. इथली माती अशी की हळद वर्षानुवर्षं टिकते, कीड लागत नाही. पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, कोंडलेल्या वायूनं माणूस गुदमरतो. आधी उघडं ठेवून, कंदील सोडून बघायची पद्धत होती. २००५ च्या पुरात पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची गेली. जी उरली आहेत ती मालकाला विचारून बघा. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे हा सगळा उद्योग आहे.

जेवायला कृष्णाकाठच्या वांग्याचं भरीत मागा. हॉटेलच्या मेनूत नसेल, खानावळीत मिळेल.

---

दोनचाकी

रेल्वेत सायकल कशी न्यावी? आणि परतीला कुठलं स्थानक धरावं?

---

संथचाकं

सायकल पार्सल कार्यालयात सामान म्हणून बुक होते आणि ब्रेक व्हॅनमधून जाते. गाडी सुटायच्या पुष्कळ आधी पोचा, तिकिटाची आणि ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. पेडल उलटे बसवा, हँडल वळवून बांधा, गिअरच्या बाजूला पुठ्ठा लावा आणि नाव व स्थानक दोन ठिकाणी ठळक लिहा. भिलवडी, किर्लोस्करवाडीसारख्या ठिकाणी गाडी थांबलीच तर मिनिटभर थांबते, तेवढ्यात सायकल उतरत नाही. चढणं-उतरणं सातारा, कराड, सांगली किंवा मिरज इथेच. खिद्रापूर करून परतताना मिरज सगळ्यात सोयीचं.

---

मोडीवेडा

शेवटच्या टप्प्याबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून परत आलो.

हरिपूरहून अंकलीचा पूल ओलांडून उदगाव, जयसिंगपूर आणि मग वाडी. नृसिंहवाडीला देऊळ मुद्दाम नदीच्या पातळीजवळ आहे. पुरात पाणी गाभाऱ्यात शिरून दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं, त्या दक्षिणद्वार सोहळ्याला लोक दुरून स्नानाला येतात. वाईच्या ढोल्या गणपतीनं पुराला बाजूला काढलं आणि वाडीनं पुराला आत घेतलं. एकाच नदीच्या काठी दोन रीती. वाडीहून निघताना कवठाची बर्फी आणि पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, कुरुंदवाडच्या पुढे दुकानं विरळ.

वाडीहून पंचगंगा ओलांडली की कुरुंदवाड, तिथून खिद्रापूर वीस किलोमीटरच्या आत. रस्ता सपाट, ऊस आणि भाजीपाल्याच्या शेतांतून. सकाळी लवकर निघा. कोपेश्वराचं देऊळ बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं, आणि देवगिरीच्या सिंघण यादवाचा शिलालेखही तिथे आहे. पुढचा स्वर्गमंडप ४८ खांबांवर उभा आणि छताला मधोमध गोल आकाश मोकळं सोडलेलं. बरोबर त्याखाली तेवढीच गोल शिळा. बाहेरच्या खांबांवरून हात न लावता नजर फिरवत चला, अखंड दगडाला चकचकीत कातीव गोलाई दिली आहे. मग बाहेरून फेरी मारा, देवळाच्या पायथ्याशी हत्तींची ओळ आहे. देवळात नंदी नाही. तो नदीपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे असं सांगतात, आणि सायकल असल्यामुळे तेही बघून येण्याचा मोह होईल.

---

वाळव्याची_लेक

यडूरला जाणार असाल तर नदी कुठून ओलांडायची ते खिद्रापुरातच विचारून घ्या. पाण्याच्या पातळीप्रमाणे वाट बदलते. नावेनं जायचं ठरलं तर सायकल आडवी ठेवून पट्ट्यानं बांधा, आणि जॅकेटशिवाय बसू नका.

---

दोनचाकी

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सांगली-हरिपूर-वाडी-खिद्रापूर एवढा तुकडा ठरवला. उरलेला पुढच्या हिवाळ्यात. @सांगलीकर, पेवं बघायला कोणत्या वेळी येऊ?

---

सांगलीकर

सकाळी नऊच्या आत. नंतर मालक मार्केट यार्डात सौद्याला जातात.